बागेतली आगगाडी : आकाराने लहान, स्वभावाने खरी

विशेष प्रतिनिधी

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गावर नियमित धावणारी वाफेची अखेरची गाडी १९९५ च्या डिसेंबरमध्ये पंजाबात जालंधर आणि फिरोजपूर यांच्या दरम्यान धावली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या गाडीपासून सुरू झालेले एक पर्व तेथे संपले. डोंगरातील काही वारसा गाड्या आणि संग्रहालयांत जपलेली थोडी इंजिने वगळली, तर आपल्याकडील वाफेचे इंजिन आता आठवणींच्या आणि जुन्या चित्रपटांच्या आश्रयाला गेले आहे.

जगात वाफेची नवी इंजिने बनणे मात्र थांबलेले नाही. ती बनतात घरामागच्या शेडमध्ये, एका लेथवर, सुट्टीच्या दिवशी. दोन-तीन किलोंपासून कित्येकशे किलोंपर्यंत त्यांचे वजन असते आणि ती धावतात घराच्या बागेत किंवा एखाद्या मंडळाने सार्वजनिक उद्यानात टाकलेल्या रुळांवर. या छंदाला इंग्रजीत ‘लाइव्ह स्टीम’, म्हणजे जिवंत वाफ, असे नाव आहे. त्याचे माहेरघर ब्रिटन असले, तरी अमेरिका, जर्मनी, जपान आणि ऑस्ट्रेलियातही तो रुजला आहे. या छंदाची गोडी आणि त्यातला धोका या दोहोंचे मूळ एकच आहे : इंजिन लहान करता येते, वाफ लहान करता येत नाही.

खेळणे कोठे संपते?

पुण्यात कोथरूड परिसरात १९९८ पासून छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय आहे. तेथील गाड्या पाहून मुलांइतकेच मोठेही हरखून जातात. त्या गाड्या विजेवर धावतात. रुळांतून आलेला प्रवाह इंजिनातील लहानशी मोटर फिरवतो आणि बटण बंद करताच गाडी थांबते. बाह्यरूप वाफेच्या इंजिनाचे असले, तरी आत विजेची मोटर असते.

जिवंत वाफेच्या इंजिनात प्रकार वेगळा. तेथे तांब्याच्या बॉयलरमध्ये खरे पाणी असते, त्याखाली खरी आग असते. वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला आणि दांडा चाकाला. आपल्याकडे जत्रेत मिळणारी, तेलाच्या दिव्यावर ‘पुटपुट’ करीत परातीत फिरणारी पत्र्याची होडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या तत्त्वाची तोंडओळख आहेच. फरक इतकाच, की होडीतील वाफ मोकळी सुटते आणि इंजिनातील वाफ कोंडलेली असते. भातुकलीच्या चुलीवर कोणी खरा विस्तव पेटवून खरा भात शिजवावा, तसा हा खेळ आहे. भात खाता येतो, पण हातही भाजू शकतो.

हौसेचा दीडशे वर्षांचा प्रवास

बागेत रेल्वे टाकण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात सर आर्थर हेवूड या जमीनदाराने १८७४ मध्ये डफिल्ड बँक येथील आपल्या घराच्या आवारात १५ इंच रुंदीची रेल्वे बांधण्यास घेतली. त्यांच्या दृष्टीने हा खेळ नव्हता. मोठ्या जहागिरींवर किंवा लष्करी छावण्यांत सामान वाहण्यास इतकी अरुंद रेल्वेही पुरते, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. १८९६ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकसाठी ईटन हॉल येथे त्यांनी तशीच रेल्वे बांधून दिली.

सामान्य माणसाच्या आवाक्यात हा छंद आला तो नियतकालिकांमुळे. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनीअर’ हे मासिक सुरू केले. लेथवर काम करणारे कामगार, शिक्षक, कारकून अशा नाना पेशांतील वाचक त्यात आलेले आराखडे पाहून घरी यंत्रे बनवू लागले. त्याच सुमारास नॉर्दॅम्प्टनच्या डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक यांनी तयार प्रतिकृती आणि सुटे भाग विकण्याचा व्यवसाय उभा केला. हेन्री ग्रीनली हे त्यांचे प्रमुख आराखडेकार होते.

१९२४ च्या सुमारास या मंडळींत एक गाजलेला वाद झाला. लहान इंजिनाला स्पिरिटच्या दिव्यावर तापणारा साधा बॉयलरच योग्य, अशी त्या काळची प्रचलित समजूत होती. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने तिला आव्हान दिले. हे टोपणनाव म्हणजे तो पूर्वी ज्या रेल्वे कंपनीत नोकरीस होता, तिचीच आद्याक्षरे. मोठ्या इंजिनासारखीच अग्निपेटी, तशाच नळ्या आणि कोळशाचीच आग लहान इंजिनातही उत्तम चालते, असे त्याचे म्हणणे होते. केवळ अडीच इंच रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या आपल्या ‘आयेशा’ या इंजिनामागे माणसे बसवून त्याने ते खरे करून दाखविले. पुढे १९६७ मध्ये निधन होईपर्यंत तो घरगुती हत्यारांनी इंजिन कसे बनवावे, हे सोप्या भाषेत लिहीत राहिला. नवशिक्यांसाठी त्याने आखलेले ‘टिच’ नावाचे चिमुकले इंजिन आजही बनविले जाते.

रुळांच्या रुंदीचे गणित

या छंदात पहिला प्रश्न असतो रुळांच्या रुंदीचा. कारण जागा, खर्च, वजन आणि इंजिन काय ओढू शकेल, हे सारे तीवर ठरते.

सर्वांत सुटसुटीत प्रकार ३२ आणि ४५ मिलिमीटर रुंदीचा. ही इंजिने एका माणसाला उचलता येतात, बहुधा गॅसवर किंवा स्पिरिटवर चालतात आणि आपल्यामागे छोटे डबे ओढतात. माणसाला बसण्याइतकी ती मोठी नसतात. यातील एक लोकप्रिय प्रमाण म्हणजे मूळच्या एका फुटाला १६ मिलिमीटर, अर्थात सुमारे एकास एकोणीस. त्यात ३२ मिलिमीटरचे रूळ मूळच्या दोन फुटी रेल्वेचे प्रतिनिधित्व करतात. १९०७ मध्ये सुरू झालेली आपली नेरळ-माथेरान रेल्वे आणि दार्जिलिंगची रेल्वे या दोन्ही याच दोन फुटी रुंदीच्या. दार्जिलिंगच्या प्रसिद्ध ‘बी’ वर्गाच्या इंजिनाच्या वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृती ब्रिटनमधील उत्पादकांनी बाजारात आणल्या असून, तेथील अनेक बागांतून हिमालयातली ही गाडी फिरते.

त्यापुढचा टप्पा साडेतीन आणि पाच इंची रुळांचा. येथे इंजिन कोळशावर चालते आणि चाकांच्या पाटावर बसलेली माणसे ओढते. हे रूळ बहुधा जमिनीपासून दीड-दोन फूट उंच खांबांवर टाकतात आणि प्रवासी घोड्यावर बसल्यासारखे दोन्ही बाजूंना पाय सोडून बसतात. सव्वासात इंची गाडी त्याहून मोठी. ती जमिनीवरच धावते, तिचे इंजिन हलविण्यास गाडा लागतो आणि तिच्यासाठी घरची बाग पुरेलच, असे नाही.

रुंदी कोणतीही असो, एक नियम सर्वांना लागू आहे. मार्ग सपाट हवा. विजेची गाडी चढावर किंचित मंदावते. लहान वाफेचे इंजिन चढावर दम टाकते आणि उतारावर सुसाट सुटते. म्हणून जाणकार मंडळी इंजिनाआधी पाणसळ विकत घेतात.

बशीतला चहा आणि पातेल्यातला चहा

मोठ्या इंजिनाचा आराखडा जसाच्या तसा लहान केला, की लहान इंजिन तयार, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे केलेले इंजिन नीट चालत नाही. त्याचे कारण साध्या भूमितीत आहे.

एखादे इंजिन दहापट लहान केले, तर त्याची लांबी, रुंदी व उंची दहापट कमी होते. पण पृष्ठफळ शंभरपट आणि घनफळ हजारपट कमी होते. शंभर टनांचे इंजिन शंभर किलोंचे होते. बॉयलरमधील पाणी हजारपट घटते. उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग मात्र शंभरपटच घटतो. म्हणजे तेवढ्याच पाण्यामागे निवण्याची जागा दहापट झाली. पातेल्यातला चहा बराच वेळ गरम राहतो आणि बशीतला दोन घोटांत निवतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच छोट्या बॉयलरला लाकडी पट्ट्या, कापड किंवा उष्णतारोधक थर यांचे जाकीट घालावे लागते.

सिलिंडरमध्येही हीच अडचण येते. गार धातूला स्पर्श होताच वाफेचे पाणी होते. सुरुवातीला धुराड्यातून गरम पाण्याचे शिंतोडे उडतात ते त्यामुळेच. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये अडकले असताना इंजिन जोराने चालविले, तर दांडा वाकू शकतो. म्हणून सिलिंडर तापेपर्यंत त्याच्या तळाच्या तोट्या उघड्या ठेवण्याची किंवा इंजिन हाताने हळूच मागेपुढे ढकलून पाणी काढून टाकण्याची रीत आहे. कोळशाचेही तसेच आहे. अग्निपेटी लहान म्हणून कोळसा वाटाण्याएवढा फोडून घ्यावा लागतो. एवढी छोटी आग काही मिनिटे दुर्लक्ष झाले, तरी मरते.

भूमितीचा एक फायदाही आहे. दट्ट्याचे क्षेत्रफळ शंभरपट कमी झाले, तरी इंजिनाचे वजन हजारपट कमी झालेले असते. त्यामुळे वजनाच्या मानाने लहान इंजिन अधिक बलवान ठरते. मोठ्या इंजिनांत दर चौरस इंचाला दोनशे पौंड किंवा त्याहून अधिक दाब असे; पाच इंची इंजिनाला ऐंशी ते शंभर पौंड पुरतात आणि गॅसवरच्या छोट्या इंजिनाचे चाळीस ते साठ पौंडांत भागते. तुलनेसाठी सांगावयाचे, तर स्वयंपाकघरातील कुकरमध्ये सुमारे पंधरा पौंड दाब असतो. बागेतली ‘लहान’ गाडी कुकरच्या कित्येक पट दाबावर धावते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

तांबे, चांदी आणि तांबटाचे ज्ञान

इंजिनाचा प्राण बॉयलरमध्ये असतो आणि लहान बॉयलर बहुधा तांब्याचा बनवितात. तांबे गंजून सहसा खराब होत नाही, उष्णता चटकन वाहून नेते आणि त्याला हवा तो आकार देता येतो. बॉयलरच्या तोंडाच्या व शेवटच्या पट्ट्यांच्या कडा लाकडी साच्यावर ठोकून वळवाव्या लागतात. ठोकता ठोकता तांबे कडक होते. मग ते लालबुंद तापवून गार केले, की पुन्हा मऊ होते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या हंडे-घंगाळी घडविताना वापरले गेलेले हेच ज्ञान ब्रिटनमधील हौशी माणूस पुस्तकातून शिकतो.

सांधे जोडण्यासाठी साधी कथलाची झाळ चालत नाही. ती सुमारे १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि शंभर पौंड दाबाच्या वाफेचे तापमानच १७० अंशांच्या घरात असते. आग लागून असलेल्या भागात तर ते त्याहून अधिक. म्हणून चांदीयुक्त झाळ वापरतात. तिला वितळण्यास सहाशे अंशांहून अधिक उष्णता लागते. जुन्या झाळेत कॅडमियम असे. त्याचा धूर अत्यंत विषारी. युरोपीय संघाने डिसेंबर २०११ पासून तशा झाळेवर बंदी घातली. जुनी कांडी हाती लागली, तर ती वापरू नये, हे सांगण्याचे कारण तेच.

आतल्या अग्निपेटीच्या सपाट भिंतींवर दाबाचा जोर सर्वाधिक पडतो. गोल नळी दाब सर्व बाजूंना सारखा वाटून घेते. सपाट पत्रा फुगू पाहतो. त्याला बाहेरच्या भिंतीशी बांधून ठेवण्यासाठी ठराविक अंतरावर आडव्या खिळ्या बसवाव्या लागतात. एक खिळी कमी पडली, तर शेजारच्या खिळ्यांवर तिचा भार येतो. म्हणून बॉयलर बनविताना अंदाजपंचे काम चालत नाही. अनेक जण बाकीचे इंजिन स्वतः बनवितात. बॉयलर मात्र अनुभवी कारागिराकडून तयार घेतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

अर्ध्या तासाची तयारी

इंजिन चालविणे हे त्याला जागे करण्यापासून सुरू होते. कोळशावरच्या इंजिनात प्रथम पाणी भरतात, पाणीदर्शक काचनळीत पातळी पाहतात, हातपंप चालतो की नाही याची खात्री करतात आणि प्रत्येक सांध्यावर तेलाचा थेंब सोडतात. मग रॉकेलमध्ये भिजविलेला लोणारी कोळसा अग्निपेटीत पेटवितात. आगीला ओढ हवी. पण ती ओढ निर्माण करणारी वाफ अजून नसते. त्यामुळे धुराड्यावर विजेचा छोटा पंखा बसवितात. दाब चढू लागला, की पंखा काढून इंजिनाचीच थोडी वाफ धुराड्यात सोडतात.

गाडी चालू लागली, की एक सुंदर व्यवस्था आपोआप सुरू होते. सिलिंडरमध्ये काम करून आलेली वाफ धुराड्यातून वर फेकली जाते आणि जाताना आगीतून हवा ओढून घेते. इंजिन जितके कष्ट करते, तितकी ओढ वाढते, आग तितकीच फुलते आणि वाफही तितकीच जास्त बनते. वाफेच्या गाडीचा परिचित ‘झुकझुक’ हा याच फेकल्या जाणाऱ्या वाफेचा आवाज. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात तो चारदा उमटतो.

गॅसवरच्या छोट्या इंजिनात काम सोपे असते. बॉयलरमध्ये मोजून पाणी, टाकीत गॅस आणि तेलदाणीत जाड तेल भरून धुराड्याच्या तोंडाशी काडी लावली, की ज्योत आतल्या नळीत उतरते. पाच-दहा मिनिटांत दाब येतो आणि पुढे वीस मिनिटे ते अर्धा तास गाडी फिरते. तेलदाणीची युक्तीही पाहण्यासारखी आहे. तीत शिरलेल्या वाफेचे पाणी होते, ते जड असल्याने तळाशी बसते आणि वरचे तेल थेंबाथेंबाने उचलून वाफेबरोबर सिलिंडरकडे पाठविते. कोणताही फिरता भाग नसताना तेल देण्याचे काम चालू राहते.

या छोट्या इंजिनांच्या मांडणीत आणखी एक शहाणपण आहे. गॅसची टाकी मुद्दाम अशा मापाची ठेवतात, की गॅस आधी संपावा आणि पाणी नंतर.

पाणी संपले तर

हे शहाणपण का, ते समजून घेतले पाहिजे. बॉयलरमध्ये पाणी आहे तोवर आगीने तापलेला पत्रा पाण्याच्या तापमानाच्या जवळपासच राहतो. पाण्याची पातळी अग्निपेटीच्या छताखाली गेली, की तो पत्रा उघडा पडतो, भराभर तापतो आणि मऊ होतो. वरून दाब आहेच. मऊ पत्रा फाटला, तर दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले पाणी एकदम मोकळ्या हवेत येते आणि त्यातला बराच भाग क्षणात वाफ होतो. शंभर पौंड दाबाखालील पाण्याचा सुमारे आठवा हिस्सा असा उसळतो, आणि एक लिटर पाण्यापासून साध्या हवेच्या दाबाला सोळाशे लिटरांहून अधिक वाफ बनते. वाफेपेक्षा दाबाखाली कोंडलेले गरम पाणी अधिक भयंकर, ते यामुळे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात मेडिना येथील जत्रेच्या मैदानावर २९ जुलै २००१ रोजी हौसेने जतन केलेल्या एका जुन्या, पूर्ण आकाराच्या वाफेच्या ट्रॅक्टरचा बॉयलर फुटून पाच जणांचा बळी गेला. झिजून पातळ झालेले अग्निपेटीचे छत आणि पाण्याची अपुरी पातळी यांचा तो परिणाम होता. बागेतल्या इंजिनात पाणी थोडे असल्याने अनर्थाचे प्रमाण लहान. पण कारणांची साखळी तीच.

बॉयलर न फुटताही वाफ इजा करते. चित्रपटनिर्माते वॉल्ट डिस्ने यांनी १९५० मध्ये लॉस एंजल्स येथील आपल्या बागेत सव्वासात इंची रेल्वे उभारली होती. सुमारे आठशे मीटर लांबीचा मार्ग, पत्नीच्या फुलबागेखालून काढलेला बोगदा आणि तिच्याच नावावरून ‘लिली बेल’ असे नाव दिलेले इंजिन. या गाडीत बसण्यास बडी बडी मंडळी येत. १९५३ मध्ये एका पाहुण्याच्या हाती इंजिन असताना ते वळणावर वेगाने गेले, रुळांवरून घसरून कलंडले आणि बाहेर पडलेल्या वाफेने एका पाच वर्षांच्या मुलीचे पाय भाजले. डिस्ने यांनी ती रेल्वे कायमची बंद केली. दोन वर्षांनी डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्याभोवती वाफेची गाडी होती; पण ती चालविणारे हात प्रशिक्षित होते.

तपासणीची शिस्त

अशा प्रसंगांतून या छंदाने स्वतःसाठी कडक नियम घालून घेतले आहेत. ब्रिटनमधील मंडळांच्या संघटनांनी मिळून बॉयलर तपासणीची एक संहिता केली आहे. नव्या बॉयलरमध्ये थंड पाणी ठासून भरतात आणि हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब देतात. थंड पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जाही साठत नाही. सांधा कच्चा असेल, तर स्फोट न होता फक्त पाण्याची धार लागते. पुढे ठराविक वर्षांनी दीडपट दाबाची चाचणी होते आणि वाफेवरची तपासणी दर वर्षी. तीत पूर्ण आग पेटवूनही सुरक्षा झडप दाब मर्यादेबाहेर जाऊ देत नाही, हे पाहतात. प्रमाणपत्र नसलेले इंजिन मंडळाच्या रुळांवर येऊ शकत नाही. मग ते बनविणारा मंडळाचा अध्यक्ष का असेना.

या तपासणीत काही साध्या गोष्टी असतात. पाणीदर्शक नळी स्वच्छ आहे का, पाणी भरण्याचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत का, सुरक्षा झडप अडकलेली नाही ना? चाकाच्या आसावर चालणारा पंप गाडी थांबली, की थांबतो. म्हणून हातपंप किंवा वाफेच्याच जोरावर पाणी आत ढकलणारा इंजेक्टर सोबतीला लागतो. काही बॉयलरांत अग्निपेटीच्या छतात शिशाची खुंटीही असते. पाणी खाली गेले, की ती वितळते आणि वाफ आगीवर सुटते. आपल्या कुकरच्या झाकणावरील सुरक्षा झडपही अशीच वितळते, हे अनेक गृहिणींना अनुभवाने ठाऊक आहे.

आपल्याकडे शक्य आहे काय?

भारतात हा छंद दुर्मीळ आहे. लेथ, तांबे आणि कसबी कारागीर यांची वाण नाही. उणीव आहे ती आराखडे समजावून सांगणाऱ्या आणि बॉयलर तपासणाऱ्या मंडळांची. हा मुद्दा वाटतो त्याहून गंभीर आहे. बॉयलरांविषयीच्या १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. त्यातही २५ लिटरांपेक्षा कमी क्षमतेचे पात्र ‘बॉयलर’ या व्याख्येत बसत नाही. पाच इंची इंजिनात काही लिटर आणि गॅसवरच्या इंजिनात काहीशे मिलिलिटरच पाणी मावते. म्हणजे सरकारी निरीक्षक या इंजिनाकडे पाहणार नाही. परवानगीचा त्रास वाचला, असा याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. तपासण्याची सारी जबाबदारी बनविणाऱ्यावर आणि चालविणाऱ्यावर येते.

नव्याने या वाटेला जाऊ पाहणाऱ्याने नामांकित उत्पादकाचे, चाचणी झालेले, गॅसवर चालणारे लहान इंजिन घेऊन सुरुवात करणे उत्तम. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी बॉयलरमध्ये क्षारांचा थर धरते. त्याऐवजी ऊर्ध्वपातित किंवा स्वच्छ गाळलेले पावसाचे पाणी वापरावे. गॅसच्या बाबतीत आपले हवामान ब्रिटनच्या उलट वागते. तेथे थंडीत ब्यूटेनचा दाब पडतो, म्हणून टाकीला कोमट पाण्याची ऊब देतात. येथे मे महिन्याच्या उन्हात टाकी तापू न देणे महत्त्वाचे. गॅस उघड्यावर, विस्तवापासून दूर भरावा. मुलांना पाहू द्यावे, शिट्टीही वाजवू द्यावी. पण इंजिन गरम असेतो मोठे माणूस शेजारून हलू नये. वाफेचा पांढरा लोट दिसावा, अशी हौस असेल, तर गार, दमट सकाळ निवडावी. कोरड्या उन्हात वाफ असते, पण दिसत नाही, आणि न दिसणारी वाफच अधिक भाजते.

ब्रिटनमध्येही या छंदापुढे प्रश्न आहेत. वेल्समधील फॉस-इ-फ्रान ही मोठी कोळसा खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि वाफेच्या इंजिनांना मानवणारा चांगला कोळसा मिळणे अवघड झाले. शाळांतून लेथ हद्दपार होत आहेत, त्यामुळे हाताने धातू घडविणारी पिढी म्हातारी होत चालली आहे. कोळशाला पर्याय शोधता येईल. हातातले कसब मात्र एकाने दुसऱ्याला शेजारी उभे करूनच द्यावे लागते. बागेत फिरणाऱ्या या गाडीचे खरे मोल तेथे आहे. वेग, दाब, उष्णता, धातूची ताकद हे सारे विषय ती पुस्तकातून काढून तळहातावर ठेवते. पाण्याच्या काचनळीकडे दर मिनिटाला पाहण्याची सवय जडलेला माणूस मग कोणतेही यंत्र हाताळताना गाफील राहत नाही.